परातीतले नऊ दाणे

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून शेळीच्या डोळ्यांत डोळे घालून सगळ्यात जास्त वेळ बसलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं, तर मी हात वर करून सांगेन, आमचे साडू. मी मोजूनमापून बोलणारा माणूस आहे. उगाच कुणाला 'सगळ्यात' वगैरे म्हणत नाही. पण धनगरसुद्धा शेळीकडे बघतो ते तिचे दात, पाय आणि कास बघायला. तिच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काय चाललंय याची काळजी करत तास न् तास उकिडवा बसलेला दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आज माझी मुलगी विद्या दिवेलागणीला सुईत दोरा ओवते, ते या काळजीमुळे. म्हणून या माणसावर मी हसलो, तरी ते हसणं कुठल्या खात्यावर लिहायचं हे मला ठाऊक आहे.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अहमदपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमची दोन्ही घरं लिंगायत. शेजाऱ्यांनी अंडं उकडलेल्या भांड्यातलं पाणीसुद्धा झाडाला घालायचं की नाही, यावर विचार करणारी. त्यात या गृहस्थांनी संशोधनाला विषय घेतला तो डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींचा. माणसाला अंधुक उजेडात ज्या पेशींमुळे दिसतं, त्या कशावर जगतात आणि कशाअभावी मरतात, हे त्यांना शोधायचं होतं. कारण त्यांच्या लहानपणी गावात संध्याकाळ झाली की भिंतीला धरून चालणारी मुलं त्यांनी पाहिली होती, आणि त्यातली दोन पुढे दिवसाही भिंत धरून चालायला लागली होती. "कोप समजून लोक देवाला नारळ फोडत होते," ते सांगायचे, "आन् ते नुसतं पाल्याभाजीचं काम होतं, साडू."

पेशी बघायच्या तर डोळे पाहिजेत, आणि डोळे मिळतात खाटकाकडे. आठवड्यातून एकदा सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून आमचे साडू गफूरचाचांच्या दुकानासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे, दुकानाकडे पाठ करून उभे राहायचे. एका हातात झाकणाचा पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या हातात काळी छत्री. डबा मागे हात करूनच द्यायचा आणि मागे हात करूनच घ्यायचा. चाचा रस्ता ओलांडून येत आणि म्हणत, "लोगां मटन ले जाते, तुम आँखां काय कू ले जाते, सर?" साडू गंभीरपणे म्हणायचे, "चाचा, बकरीला आधी तासभर अंधारात ठेवलं होतं ना?" गफूरचाचा कानाला हात लावायचे. "बोरा डालको रख्या था, सर. बकरीबी परेशान, मैंबी परेशान."

अंधाराचं कारण असं, की उजेड लागला की पडद्यावरचा रंग उडून जातो. म्हणून डबा काळ्या फडक्यात गुंडाळायचा आणि वर छत्री उघडून घरापर्यंत चालत जायचं. ती वर्षं दुष्काळाची. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हा माणूस भर उन्हात छत्री आपल्या डोक्यावर न धरता डब्यावर धरून निघालेला. बाजारपेठेतले व्यापारी छत्री पाहून आधी आभाळाकडे बघायचे, मग डब्याकडे, आणि मग एकमेकांकडे. "सर, पाण्याचा काही अंदाज हाय का?" असं कुणीतरी दर खेपेला विचारायचं. मास्तर खाटकाकडे जातो ही बातमी उदगीरला सासऱ्यांच्या अडतीवर पोचायला दोन दिवस लागले. सासरे पहिल्या एसटीने आले. साडूंनी त्यांना काही समजावलं नाही. कोठीच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. सासरे बराच वेळ बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "आत तर जोंधळ्याचं रान हाय की." तो विषय तिथेच मिटला.

त्या कोठीत मीही पुष्कळ रविवार काढले. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी जुन्या जिल्ह्याच्या गावाहून बदली होऊन नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत आलो होतो. कपाटं यायची होती, खुर्च्या निम्म्या आल्या होत्या, आणि मी टंचाईचे तक्ते भरत होतो. आकड्यांच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे. बायको 'जरा' म्हणत नाही. साडूंनी हे हेरलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चौकटी आखलेली काच ठेवून ते म्हणायचे, "एका चौकटीतले ठिपके मोजा." मी मोजायचो, ते मोजायचे, आणि दोघांचा आकडा जुळला नाही की मी तिसऱ्यांदा मोजल्याशिवाय उठायचो नाही. "तुम्ही कचेरीत वाया जाऊन राहिलात," असं ते म्हणत. याहून मोठी शाबासकी मला नोकरीत कधी मिळाली नाही.

एकदा त्यांनी तो रंग मला दाखवला. खिडकीला कार्बन पेपर चिकटवलेले, फोटो स्टुडिओतून मागून आणलेला लाल दिवा लावलेला. त्यांनी डोळा उघडला, पडदा अलगद सोडवून बशीत पसरला आणि दार बोटभर उघडलं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा फिका गुलाबी, थोडासा जांभळा रंग होता तो. मी मनात अंक मोजत होतो. पंधरापर्यंत आलो तोवर तो पिवळसर झाला, आणि थोड्या वेळाने बशीत नुसता पांढरट पापुद्रा राहिला. "जिवंतपणी हा रंग उडतो आन् पुन्हा भरतो, उडतो आन् पुन्हा भरतो," साडू हळू आवाजात म्हणाले. "पण भरायला ओला पाला पोटात पाहिजे. नुसत्या कडब्यावर न्हाई भरत." जेवणाच्या वेळीही ते हळू आवाजातच बोलत होते.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, की खाटकाकडच्या शेळ्यांनी काय खाल्लं हे कोण सांगणार? एकाच आईची दोन करडं आणा. एकाला हिरवा चारा द्या, एकाला फक्त वाळला. ठरलेल्या मुदतीनंतर दोघांचे पडदे शेजारी ठेवा आणि पेशी मोजा. साडूंनी आठवडी बाजारातून दोन जुळी पाटरं, म्हणजे मादी करडं, आणली आणि शास्त्राला धरून त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणायला सुरुवात केली. हे आठ दिवस टिकलं. त्यांच्या घरातल्या अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, म्हणाल्या, "जितराबाला असं अर्धं नाव ठेवत्यात का कुठं?" आणि 'अ'ची अंबी झाली, 'ब'ची बकुळा झाली. मला वाटतं, प्रयोग बिघडला तो त्याच दिवशी. नाव ठेवलेली शेळी घरातून खाटकाकडे जात नाही. लिंगायताच्या घरातून तर मुळीच नाही. पण हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. साडूंच्या तर नाहीच.

अंबीसाठी हिरवा चारा हवा, आणि गावात टँकर. साडूंनी परसात खाटेएवढा लसूणघासाचा वाफा केला आणि घरातलं सांडणारं पाणी थेंब न् थेंब तिकडे वळवलं. आंघोळीचा दगड वाफ्याच्या कडेला आला. पाहुणा दारात आला की त्याला पाणी देण्याआधी, "पाव्हणं, पाय इथं धुवा," म्हणून वाफ्यात नेऊन उभं करायचे. सासरे एकदा गडबडीत मोजे घालूनच उभे राहिले. अक्का चिडायच्या. "घरात कोथिंबिरीची काडी न्हाई, आन् शेळीला घास! मी पण चार पायांवर चालू का?" साडू म्हणायचे, "चाल, पण मग तुला 'अ'त धरायचं का 'ब'त, ते ठरवावं लागंल."

दुसरं खूळ परातीचं. एका पितळी परातीला आतून काळा रंग दिलेला. दिवेलागणीला, पण दिवा लावण्याआधी, त्यात शाळू ज्वारीचे नऊ पांढरे दाणे टाकायचे आणि समोरच्याला विचारायचं, "किती?" नऊच का, हे मी विचारलं होतं. म्हणाले, "दहा म्हटलं की माणूस अंदाजानं सांगतो. नवाला बघावं लागतं." शेजारी, पोस्टमन, कंडक्टर, कुणी सुटलं नाही. माझ्या धाकट्या मेव्हणीला बघायला मुलगा आला तेव्हा पोहे खाऊन होताच साडू त्याला अंगणात घेऊन गेले. मुलाचे वडील रागावून उठलेच होते, तेवढ्यात मुलाने न अडखळता नऊ म्हटलं. साडू आत येऊन म्हणाले, "पोरगा पक्का. बाकीचं तुम्ही बघा." बाकीचं बघायला फारसं काही उरलं नव्हतं, लग्न जमलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे लातूरला आले. त्यांना माझ्याकडून एक आकडा हवा होता. टंचाईच्या गावांत संध्याकाळी न दिसणारी मुलं किती? मी तक्ते काढले. विहिरी होत्या, जनावरं होती, टँकरच्या खेपा होत्या. तो रकाना नव्हता. "रकाना नाही, म्हणजे आकडा नाही," मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की मला कसंतरी होतं. कारण तो आकडा त्या वेळी माझ्या दारातल्या नळाच्या रांगेत उभा होता.

विद्या तेव्हा सात वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिला गोवर येऊन गेला होता. त्यानंतर ती नीट जेवत नव्हती, आणि जेवायला तरी काय, भात आणि पातळ वरण. भाजी बाजारात दिसत नव्हती, दूध अर्ध्यावर आलं होतं. संध्याकाळी बाहेर जायला ती नको म्हणायची. शोभा, माझी बायको, तिला भित्री म्हणायची. मी कामचुकार म्हणायचो. त्या दिवशी नळाच्या रांगेतून छोटी कळशी घेऊन येताना ओट्याच्या पायरीला तिचा पाय लागला आणि कळशी उपडी झाली. त्या वर्षी सांडलेली कळशी म्हणजे काय होतं, हे ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना सांगायला नको. मी ओरडलो. फार ओरडलो. विद्या रडली नाही. पायरी कुठे आहे ते पायाने चाचपत उभी राहिली.

साडू दारातून बघत होते. म्हणाले, "शोभा, ही पोरगी माझ्या बकुळेसारखी चालून राहिली."

"काय म्हणता, दाजी?" शोभाने पदर खोचला. "माझ्या लेकीला शेळी म्हणता? आमच्या घरात बसून?"

"शेळी न्हाई म्हणलं. चाल म्हणलं. पाय टाकायच्या आधी हवेत थांबवती बघ."

"तिच्या डोळ्यांना काही धाड भरलेली न्हाई! तुमचं खूळ तुमच्या अहमदपुरात ठेवा."

साडूंनी वाद घातला नाही. पिशवीतून परात काढली, नऊ दाणे टाकले आणि विद्येच्या समोर ठेवली. "दिवा लावू नका," एवढंच म्हणाले. मला उंबऱ्यापासून दाणे स्वच्छ दिसत होते. विद्येने परातीकडे पाहिलंच नाही. तिने तळहात पसरला आणि आंधळी माणसं फिरवतात तसा परातीतून हळूहळू फिरवला. मग आमच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून विचारलं, "चार?"

शोभाने खाली बसून दाणे स्वतः मोजले. साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "धाड न्हाई भरली, शोभा. पडद्याला पाला पुरला न्हाई. रंग भरायचा राहिलाय. उद्या सकाळी डॉक्टर."

सकाळी डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. पांढऱ्या भागावर एक कोरडा, निस्तेज डाग होता, तो आम्हाला दाखवला. आम्ही रोज त्या डोळ्यांना काजळ घालत होतो, आणि आम्हाला तो दिसला नव्हता. "बुबुळावर गेलं असतं तर मी काही करू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आणलंत. कुणी ओळखलं?" मी साडूंकडे बोट केलं. "शेळीवरून," साडू म्हणाले. डॉक्टरांना ती गंमत वाटली असावी. औषध त्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, आणि दोन आठवड्यांनी एकदा. मी तारखा भिंतीवर लिहिल्या. थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी विद्या ओट्यावरून ओरडली, "आई, समोरच्यांची मांजर काळी नाही, तिच्या पायाला पांढरं आहे!" शोभा आत चुलीपुढे रडत होती, आणि मी बाहेर उभा राहून त्या मांजरीचे पांढरे पाय मोजत होतो. तीन होते.

पुढच्या रविवारी ठरल्याप्रमाणे मी ठिपके मोजायला अहमदपूरला गेलो. प्रयोगाची मुदत संपायला तीन आठवडे राहिले होते. परसात पाहतो तर बकुळा घासाच्या वाफ्यात कानापर्यंत शिरलेली, अंबी बाजूला उभी राहून अपमान झाल्यासारखी बघतेय, आणि साडू दगडावर बसलेले.

"हे काय?" मी म्हणालो. "ती 'ब' आहे."

"माहीत हाय."

"तीन आठवडे राहिले होते फक्त."

"साडू," ते म्हणाले, "तुमच्या पोरीनं परातीवरून हात फिरवला ते बघून मी घरी आलो. संध्याकाळी बकुळा खुंट्याला धडकली. रोज धडकत होती, मी रोज वहीत लिहीत होतो. त्या दिवशी मला लिहवलं न्हाई." मग म्हणाले, "आन् तसंही, खाटकाकडं कोण नेणार होतं? तुम्ही?"

मार्गदर्शकांचं पत्र आलं, की असा अर्धवट मोडलेला प्रयोग ग्राह्य धरता येत नाही. ते बरोबरच होतं. मी असतो तरी धरला नसता. साडूंची पीएच.डी. राहिली ती राहिलीच. अंबी आणि बकुळा म्हाताऱ्या होऊन आपापल्या मरणाने मेल्या. गफूरचाचा वाटेत त्या दिसल्या की बाजूला होत. "सर की बेट्यां आरई," म्हणत.

पण परात थांबली नाही. कॉलेज सुटलं की साडू सायकलला परात बांधून रस्त्यांच्या दुष्काळी कामांवर जायचे. मजूर खोरी ठेवायचे त्या वेळेला मुलांना ओळीने बसवायचे आणि "किती?" विचारायचे. मी त्यांना एक तक्ता आखून दिला. आयुष्यात मी हजारो तक्ते आखले असतील. रकाना स्वतः ठरवून आखलेला तो एकच. 'संध्याकाळी न दिसणारी मुले.' पहिल्या ओळीत माझ्या मुलीचं नाव मीच लिहिलं. भरलेले तक्ते ते आरोग्य केंद्रात नेऊन द्यायचे आणि औषध मिळाल्याची खूण होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. लग्नाला आहेर म्हणून, परसात लावून पाला खावा यासाठी, शेवग्याची फांदी न्यायला लागले तेही तेव्हापासून. आमच्या नात्यात इस्लापूरपासून उदगीरपर्यंत ज्या ज्या परसात शेवगा दिसेल, तिथे लग्नाच्या वेळी कुणीतरी नाक मुरडलं होतं असं समजावं.

आता ते नांदेडला मुलाकडे असतात. बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. पडदा दरवर्षी तपासून घ्या, असं डॉक्टर सांगतात, आणि हे "घेऊ की" म्हणतात. दुनियेचे पडदे बघत फिरलेल्या माणसाचा स्वतःचा पडदा बघायचा राहून जातो. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे तिकडे जमलो होतो. विद्या उमरीला शाळेत शिकवते, तीही आली होती. संध्याकाळी गच्चीवर नेहमीसारखी परात निघाली. घरच्यांना नऊ पाठ झालेले, म्हणून आता टाकणारा कधी दोनचार दाणे कमीजास्त करतो. दाणे विद्येने टाकले, कारण टाकणाऱ्याने मोजायचं नाही हा नियम, आणि साडूंना आधी मोजायची हौस.

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "सात," म्हणाले.

मी दोनदा मोजले. नऊ होते. आयुष्यात मी कधी आकडा चुकीचा सांगितलेला नाही. त्या वेळी मात्र सांगितलाच नाही. दिवाळीचे दिवस, नातवंडं भोवती.

"नऊ आहेत, काका," विद्या म्हणाली.

"सात हायेत. माझ्या डोळ्यांना काही धाड भरलेली न्हाई!"

"धाड नाही भरली," विद्येने त्यांच्या शेजारी बसत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या डोक्यावर आता फारसे केस नाहीत. "उद्या सकाळी डॉक्टर. मला सुट्टीच आहे, मी नेते."

साडूंनी परातीत पुन्हा एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला दिसत होते ना? नऊ?"

"दिसत होते."

"मग बोलला का न्हाई?" मी नातवंडांकडे पाहिलं. "तुम्ही कचेरीत वाया गेलात," ते म्हणाले, आणि हसले. त्यांनी परात विद्येकडे सरकवली. "पुन्हा टाक. मघा घाई झाली."

विद्येने दाणे गोळा केले आणि पुन्हा टाकले. साडू गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, एकेका दाण्यावर बोट नेत हळूहळू मोजायला लागले. उजेड कमी होत चालला होता. साडूंच्या मुलाने दिव्याच्या बटणाकडे हात नेला तो अक्कांनी धरला. खाली रस्त्यावरचे दिवे लागले, शेजारच्या गच्चीवर पणत्या लागल्या. त्यांचं मोजून होईपर्यंत आमच्या गच्चीवर कुणी दिवा लावला नाही.